राज्य महामार्ग ९६, प्युब्लो ते ग्रेट बेंड: हा रस्ता नदी सोडून उघड्या मैदानातूनच का जातो?

उत्तरा_प्युब्लो

नमस्कार मंडळी,

आम्ही कोलोरॅडो राज्यातील प्युब्लो येथे राहतो. माझे सासू-सासरे सध्या लातूरहून आमच्याकडे आलेले आहेत आणि सप्टेंबरअखेर आम्ही त्यांना घेऊन मोटारीने कॅन्ससमधील विचिटा येथे नणंदेकडे जाणार आहोत. एरवी आम्ही आर्कान्सा नदीच्या काठाने जाणारा यूएस-५० हा रस्ता धरतो. ला हंटा, लामार, गार्डन सिटी अशी गावे त्यावर लागतात आणि सोयीही बऱ्या आहेत. या वेळी मात्र राज्य महामार्ग ९६ ने जावे असे मनात आहे. हा रस्ता कोलोरॅडोत ९६ क्रमांकाचा आहे आणि सीमा ओलांडून कॅन्ससमध्ये शिरल्यावरही तोच क्रमांक घेऊन पुढे जातो.

नकाशा उघडून बसल्यावर सासऱ्यांनी एक प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता आले नाही. ते म्हणाले, "आपल्याकडे जुना रस्ता नदीकाठाने जातो, घाटाला जातो, नाहीतर बाजाराच्या गावाला जातो. इथे दक्षिणेला नदी आहे, उत्तरेला मोठा महामार्ग आहे, आणि हा रस्ता त्या दोहोंच्या मधून, जिथे काहीच नाही तिथून, फूटपट्टीने ओढल्यासारखा का गेला आहे?" सासरे आयुष्यभर कोरडवाहू शेती करत आले असल्यामुळे रस्त्यापेक्षाही त्याच्या कडेच्या जमिनीकडे त्यांचे लक्ष अधिक असते, हेही सांगून ठेवते.

तेव्हा जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. या रस्त्याची आखणी अशी का झाली असावी? आणि वयस्कर माणसांना सोबत घेऊन जाताना, वाटेत थांबून पाहावे असे त्यावर काय आहे? "काही नाही, नुसते गहू आणि वारा" हे उत्तर इथल्या सहकाऱ्यांकडून ऐकून झाले आहे, त्यामुळे त्याहून अधिक माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

---

खडी_डांबर

उत्तराताई, आपल्या सासऱ्यांचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. मी रस्तेबांधणीच्या क्षेत्रात काम करतो आणि हा रस्ता मला कामानिमित्त चांगला परिचयाचा झाला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम नदीकडे पाहू. आर्कान्सा नदी प्युब्लोहून पूर्वेकडे निघते, हळूहळू दक्षिणेकडे झुकत डॉज सिटीपर्यंत खाली उतरते आणि तिथून ईशान्येकडे वळून ग्रेट बेंडपर्यंत पुन्हा वर चढते. ग्रेट बेंड या गावाला नाव मिळाले ते याच मोठ्या वळणामुळे. नदीला धनुष्य मानले तर आपला ९६ क्रमांकाचा रस्ता ही त्या धनुष्याची दोरी आहे. त्याची मैदानातली दोन्ही टोके नदीजवळ आहेत आणि मधल्या प्रवासात मात्र ती नदी कुठेही भेटत नाही. सँटा फेकडे जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे एकोणिसाव्या शतकात नदीकाठाने गेले, कारण बैलांना आणि माणसांना रोज पाणी लागत असे; त्याच वाटेवरून पुढे सँटा फे कंपनीची रेल्वे आली आणि तिच्या शेजारून आजचा यूएस-५० गेला. उत्तरेला स्मोकी हिल नदीच्या आधाराने जाणारी दुसरी वाट होती. या दोन वाटांच्या मधल्या पट्ट्यात कायम वाहणारे पाणी जवळजवळ नव्हते, म्हणून तिथे जुनी मळलेली वाटही नव्हती.

मग रस्ता आला कुठून? तो रुळांच्या मागोमाग आला. १८८७ च्या सुमारास मिसूरी पॅसिफिक या रेल्वे कंपनीला प्युब्लो गाठायचे होते, कारण प्युब्लोत पोलाद होते आणि पलीकडच्या डोंगरांत खाणी होत्या. नदीकाठची जागा प्रतिस्पर्धी कंपनीने आधीच धरलेली असल्यामुळे तिला उघड्या मैदानातूनच रूळ टाकावे लागले. स्कॉट सिटीच्या पूर्वेला, डायटन आणि नेस सिटीवरून ग्रेट बेंडकडे जाणारा फाटा मात्र सँटा फेच्याच एका उपकंपनीने त्याच काळात बांधला. आजचा ९६ हा पश्चिमेकडे एका कंपनीच्या आणि पूर्वेकडे दुसऱ्या कंपनीच्या रुळांना चिकटून जातो. वाफेच्या इंजिनाला दर काही मैलांवर पाणी भरावे लागे आणि शेतकऱ्याला धान्याची गाडी घेऊन एका दिवसात स्थानकावर येऊन परत घरी जाता यावे लागे. या दोन गरजांनी गावांमधले अंतर ठरवले. गावे रुळांनी वसवली आणि मोटारी आल्यावर त्या गावांना जोडणाऱ्या कच्च्या वाटांचा पुढे राज्य महामार्ग झाला.

कोलोरॅडोच्या कायोवा काउंटीत याचा पुरावा गावांच्या नावांतच दिसतो. कॅन्ससच्या बाजूने पश्चिमेकडे येताना ब्रँडन, चिव्हिंग्टन, ईड्स, गॅलेशिया, हॅस्वेल अशी गावे लागतात. रेल्वेने स्थानकांना इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावे दिली होती. मधली डिस्टन आणि फर्गस ही स्थानके आता उरलेली नाहीत, म्हणून क्रमात फटी दिसतात. जिथे गाव आधीपासून नांदत होते तिथे असे नाव देता आले नसते. इथे आधी नाव आले, मग रूळ, मग दुकान आणि शेवटी माणसे आली.

आता सरळपणाविषयी. अमेरिकेत १७८५ च्या कायद्यानुसार पश्चिमेकडची सरकारी जमीन मोजण्यासाठी एक मैल लांबी-रुंदीचे चौकोन पाडले गेले. अशा एका चौकोनाला सेक्शन म्हणतात आणि त्यात ६४० एकर जमीन येते. १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्या कुटुंबाला जे १६० एकर मिळत, ते म्हणजे या चौकोनाचा बरोबर चौथा भाग. आपल्याकडे शेताचा बांध ओढ्यासोबत वळतो, वडाच्या झाडाशी थांबतो, भावकीच्या वाटणीत मोडतो. इथे माणूस येण्यापूर्वीच कागदावर रेषा मारल्या गेल्या आणि मग त्या रेषांवर रस्ते झाले. हॅस्वेलपासून कॅन्ससमधील रश सेंटरपर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे मैलांच्या टप्प्यात, या रस्त्यावरची सगळी गावे ३८.५ अक्षांशाच्या किंचित खाली एका ओळीत बसलेली आहेत. नकाशावर अक्षांशाची रेषा आणि रस्ता वेगळे ओळखू येत नाहीत.

तरीही "सपाट" या शब्दाने फसू नये. प्युब्लोची उंची सुमारे ४,७०० फूट आहे आणि ग्रेट बेंडची सुमारे १,८५०. सव्वातीनशेहून अधिक मैलांत जमीन जवळजवळ तीन हजार फूट खाली उतरते, फक्त तो उतार इतका मंद आहे की गाडीत बसून कळत नाही. रॉकी पर्वतातून वाहून आलेल्या गाळाने हा कलता पृष्ठभाग तयार झाला आहे. नेस सिटीच्या पूर्वेला रस्ता वॉलनट क्रीक या ओढ्याच्या खोऱ्यात उतरतो आणि त्या ओढ्यासोबतच ग्रेट बेंडपर्यंत जातो. तेवढ्या भागात मात्र आपल्या सासऱ्यांचा "रस्ता पाण्याकाठाने जातो" हा नियम लागू पडतो, हे त्यांना आवर्जून सांगावे.

---

पायडल

वरच्या प्रतिसादात मार्गाची कारणे उत्तम आली आहेत. मी हा रस्ता सायकलने केला आहे. अमेरिकेचा पूर्व किनारा आणि पश्चिम किनारा जोडणारा जो सायकलमार्ग १९७६ मध्ये आखला गेला, तो प्युब्लोपासून रश सेंटरच्या परिसरापर्यंत बहुतांशी याच महामार्गाने जातो. उन्हाळ्यात त्यामुळे ईड्स, ट्रिब्यून, लिओटी यांसारख्या लहान गावांत सामान लादलेल्या सायकली हमखास दिसतात.

सायकलवरून जे दिसते ते मोटारीतून सुटते, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे धान्याची कोठारे. प्रत्येक गावात रुळांच्या कडेला सिमेंटच्या उंच, पांढुरक्या नळकांड्यांची रांग उभी असते. गाव आठ-दहा मैलांवर असतानाच ती रांग क्षितिजावर दिसू लागते आणि बराच वेळ पायडल मारूनही ती जवळ आल्यासारखी वाटत नाही. आपल्याकडे दुरून देवळाचा कळस दिसतो तसे इथे हे कोठार दिसते, आणि गावाचा जीवही त्यातच असतो. सुगीत तिथे रात्री उशिरापर्यंत ट्रकांची रांग लागलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे समोरून येणारा चालक. स्टिअरिंगवरचा हात न काढता तो फक्त तर्जनी उचलतो. ओळख असो वा नसो, हा नमस्कार होतोच, आणि आपणही तो करावा.

आता एका ठिकाणाविषयी गंभीरपणे लिहितो. ईड्सच्या पूर्वेला चिव्हिंग्टन हे जवळजवळ ओसाड गाव लागते. तिथून उत्तरेकडे सुमारे आठ मैल कच्च्या रस्त्याने आत गेले की सँड क्रीक हत्याकांडाचे राष्ट्रीय स्मारक आहे. २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे कर्नल जॉन चिव्हिंग्टन याच्या हाताखालील सुमारे पावणेसातशे सैनिकांनी तेथे शाईएन आणि अरापाहो लोकांच्या वस्तीवर हल्ला केला. त्या वस्तीला सैन्याचे संरक्षण असल्याचा विश्वास दिला गेला होता आणि ब्लॅक केटल या प्रमुखाच्या तंबूवर अमेरिकेचा ध्वज फडकत होता. दोनशे तीसहून अधिक माणसे मारली गेली आणि त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. सायलस सूल या अधिकाऱ्याने आपल्या तुकडीला गोळीबार करू दिला नाही, पुढे चौकशीत साक्ष दिली, आणि काही महिन्यांतच डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याचा खून झाला. या घटनेनंतर तेवीस वर्षांनी रेल्वे आली आणि स्थानकाला नाव दिले गेले ते हल्ला करणाऱ्या कर्नलचे. स्मारक जनतेसाठी खुले झाले ते २००७ मध्ये.

मला वाटते की हा रस्ता "रिकाम्या" मैदानातून गेला असे म्हणताना ही गोष्ट कायम लक्षात असली पाहिजे. मैदान रिकामे नव्हते, ते रिकामे करण्यात आले, आणि त्यानंतरच त्यावर चौकोन आखता आले. सँड क्रीकला आपण अवश्य थांबावे. तेथे भव्य असे बांधकाम काही नाही. एका लहान टेकाडावर चालत जाता येते आणि खाली कोरड्या ओढ्याच्या काठची कॉटनवूडची झाडे दिसतात. पाऊस झाला असेल तर कच्चा रस्ता निसरडा होतो आणि स्मारक आठवड्याचे सर्व दिवस उघडे असतेच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी.

---

काळी_आई

उत्तराताई, मी शेतीसंशोधनाच्या कामानिमित्त कॅन्ससमध्ये राहते, म्हणून आपल्या सासऱ्यांच्या नजरेने पाहण्यासारखे काय आहे ते लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी दिसेल. इथे तिला माईलो किंवा सॉर्घम म्हणतात आणि अमेरिकेत ज्वारीच्या उत्पादनात कॅन्सस आघाडीवर आहे. सप्टेंबरअखेर कणसे रंगावर आलेली असतात, पण आपल्या दगडीसारखी वा मालदांडीसारखी पांढरी-मोत्यासारखी नव्हे, तर तांबूस, गंजाच्या रंगाची. ताट माणसाच्या कमरेच्या आसपास असते. कडबा हवा म्हणून इथे कोणी ज्वारी लावत नाही. यंत्र वरून कणीस कापते आणि ताट रानातच उभे राहते, त्यामुळे बुटके, एकसारख्या उंचीचे वाण मुद्दाम तयार केले गेले. दाणा जातो जनावरांच्या खाद्याला आणि इथेनॉलच्या कारखान्यांना. भाकरी होते असे सांगितले तर इथला शेतकरी नवलाने ऐकतो. सासऱ्यांना एखाद्या कोठाराजवळ उतरवून सांडलेले दाणे हातात घेऊ द्यावेत. त्यांना त्याबद्दल माझ्यापेक्षा अधिक सांगता येईल.

त्याच दिवसांत हिवाळी गव्हाची पेरणीही चालू असते. तुम्हाला एक पट्टा ज्वारीचा, एक नुकत्या पेरलेल्या गव्हाचा आणि एक पूर्ण मोकळा असा क्रम दिसेल. मोकळे रान आळसाने पडलेले नसते; पश्चिमेकडे वर्षाला जेमतेम १५-१६ इंच पाऊस पडतो, म्हणून एक हंगाम जमीन पडीक ठेवून ओल साठवायची आणि पुढच्या हंगामात पीक घ्यायचे ही येथील रीत आहे. १९३० च्या दशकात याच भागात गवताळ जमीन अतोनात नांगरली गेली, लागोपाठ दुष्काळ पडले आणि मातीची वादळे उठली. आता म्हणूनच बरेच शेतकरी नांगर न घालता मागच्या पिकाच्या धसकटांतच पेरणी करतात. सासऱ्यांना धसकटे दिसतील आणि रान "अस्वच्छ" वाटेल, तेव्हा त्यामागे हे कारण आहे.

लिओटी आणि स्कॉट सिटीच्या आसपास हिरवी वर्तुळे लागतात. चाकांवर चालणारा पाव मैल लांबीचा नळ मध्यबिंदूभोवती फिरत पाणी देतो, म्हणून १६० एकरांच्या चौकोनात गोल पीक उभे राहते आणि चारही कोपरे कोरडे राहतात. हे पाणी ओगलाला नावाच्या भूजलसाठ्यातून येते आणि पश्चिम कॅन्ससमध्ये उपसा पुनर्भरणापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे तो वर्षानुवर्षे खाली चालला आहे. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. पाण्याची दुसरी कथा प्युब्लोच्या बाजूला, क्राउली काउंटीत आहे. ऑर्डवे आणि शुगर सिटीचा परिसर एकेकाळी कालव्याच्या पाण्यावर बीट, टरबूज आणि भाजीपाला पिकवत होता आणि शुगर सिटीत १९०० पासून बीटापासून साखर काढणारा कारखाना चालत होता. कारखाना १९६७ मध्ये बंद पडला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत कालव्याच्या पाण्याचे हक्क मोठ्या प्रमाणावर वाढत्या शहरांनी विकत घेतले. इथे पाणी जमिनीपासून वेगळे विकता येते. पाणी गेले आणि हजारो एकर बागायत पुन्हा माळ झाली. शेताच्या कडेच्या सुक्या चाऱ्या आजही दिसतात. मला हा टप्पा पार करताना नेहमी वाईट वाटते, कारण शेतकऱ्यांनी कर्जापोटी आणि नाइलाजाने हक्क विकले, आणि जे विकायला तयार नव्हते त्यांच्या कालव्यातही मग पुरेसे पाणी खेळेना.

आणि आता ज्यासाठी मी खरे तर लिहायला बसले ते. डायटन आणि नेस सिटी यांच्या साधारण मध्यावर बीलर नावाची अगदी छोटी वस्ती आहे. तेथे महामार्गाच्या कडेला एक फलक आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १८८६ मध्ये या बीलरच्या दक्षिणेला १६० एकरांचा तुकडा सरकारकडून कसण्यासाठी घेतला होता. कार्व्हर यांचे चरित्र आपल्याकडे दोन-तीन पिढ्यांनी वाचले आहे. शाळेच्या बक्षीससमारंभात ते हाती पडले नाही असे घर विरळा. परंतु भुईमुगाचे संशोधक कार्व्हर आणि टस्कीगीचे शिक्षक कार्व्हर आपल्याला ठाऊक असतात, त्यांचा हा कॅन्ससमधला काळ पटकन कोणाला आठवत नाही.

त्याआधी हायलंड येथील महाविद्यालयाने त्यांना पत्राने प्रवेश दिला होता आणि ते प्रत्यक्ष दारात उभे राहिल्यावर, केवळ ते कृष्णवर्णीय आहेत म्हणून, परत पाठवले होते. त्यानंतर ते या माळावर आले. इथे लाकूड नव्हते, म्हणून त्यांनी सभोवतीच्या शेतकऱ्यांप्रमाणेच गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांचे एका खोलीचे घर स्वतःच्या हाताने रचले. गवताची मुळे इतकी घट्ट विणलेली असतात की नांगराने काढलेली पट्टी विटेसारखी कापता येते. भिंत जाड, आत हिवाळ्यात ऊब आणि पावसाळ्यात छपरातून गळती. सुमारे सतरा एकर रान त्यांनी मोडले, मका आणि भाजीपाला लावला, झाडे लावून पाहिली, शेजाऱ्याच्या रानावर मजुरी केली, आणि मोकळ्या वेळी आसपासच्या वनस्पती आणि दगड गोळा केले. पाणी मात्र लागले नाही. दोन-तीन वर्षांत त्यांनी हा माळ सोडून आयोवा गाठले आणि तिथे त्यांचे शिक्षण पुढे सुरू झाले.

शंभरावा पश्चिम रेखांश बीलर आणि नेस सिटी यांच्या मधून जातो, हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. जॉन वेस्ली पॉवेल या भूवैज्ञानिकाने १८७८ मध्येच सरकारला कळवले होते की या रेषेच्या आसपास वर्षाचा पाऊस २० इंचांच्या खाली घसरतो आणि तिच्या पश्चिमेला केवळ पावसावर १६० एकरांत कुटुंब तगणार नाही. तरीही तोच चौकोन, तेवढेच एकर, पुढे पश्चिमेकडे वाटले जात राहिले. कार्व्हर यांच्यासारख्या, जमिनीत जीव ओतणाऱ्या माणसालाही तो तुकडा पोसू शकला नाही. यात त्यांच्या कष्टांची वा ज्ञानाची कमतरता नव्हती.

प्रत्यक्ष जागेवर दगडी खूण आहे, पण भोवतालची शेते खाजगी आहेत, म्हणून महामार्गावरच्या फलकाशी थांबणे पुरे.

---

उत्तरा_प्युब्लो

आपणा सर्वांचे मनापासून आभार. हे प्रतिसाद मी काल रात्री घरात मोठ्याने वाचून दाखवले. कार्व्हर यांचे नाव आल्यावर सासूबाईंनी मला थांबवले आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. त्यांनी शाळेत शिक्षिका म्हणून काम करताना ते चरित्र कित्येक वर्गांना वाचून दाखवले होते, त्यामुळे आता बीलरला थांबायचे हे त्यांनीच ठरवून टाकले आहे. सासऱ्यांचे म्हणणे असे की १६० एकर ऐकून आपल्याकडचा माणूस हबकतो, पण पंधरा इंचांच्या पावसात १६० एकर म्हणजे किती हे पाऊस पाहूनच ठरवले पाहिजे. पॉवेल यांचे म्हणणे त्यांना ताबडतोब पटले.

खडी_डांबर यांना एक शंका विचारते: रुळांसाठीच ही गावे वसली असतील तर ते रूळ आज चालू आहेत का? आणि पायडल यांना: सोबत सत्तरीची माणसे असताना मुक्काम कोठे करावा, आणि खाण्यापिण्याची व्यवस्था कशी आहे?

---

खडी_डांबर

पश्चिमेकडचा, म्हणजे कॅन्ससच्या सीमेलगतच्या टाउनर या गावापासून प्युब्लोच्या दिशेने जाणारा रूळमार्ग मिसूरी पॅसिफिक १९८२ मध्ये युनियन पॅसिफिकमध्ये विलीन झाल्यानंतर हळूहळू निरुपयोगी ठरवला गेला. रूळ उखडले जाऊ नयेत म्हणून १९९८ मध्ये कोलोरॅडो राज्याने तो विकत घेतला. पुढे तो खाजगी हातात गेला आणि बरीच वर्षे बंद राहिला. अलीकडे धान्यवाहतुकीसाठी तो पुन्हा दुरुस्त केला गेला आहे. गव्हाने भरलेली एक मालगाडी शेकडो ट्रकांचे काम करते आणि ते ट्रक याच दुपदरी रस्त्यावरून जातात, त्यामुळे रूळ चालू राहणे रस्त्याच्या आयुष्यासाठीही आवश्यक आहे. नेस सिटीला थांबलात तर चार मजली दगडी बँकेची इमारत पाहावी. १८९० मध्ये, रेल्वे नुकतीच आलेली असताना आणि गावाचे मोठे शहर होणार अशी सर्वांची खात्री असताना, स्थानिक चुनखडीच्या दगडात ती बांधली गेली. तिला "मैदानातील गगनचुंबी इमारत" म्हणत असत. दगडकाम अतिशय देखणे आहे.

---

पायडल

मुक्कामासाठी स्कॉट सिटी योग्य ठरेल. प्युब्लोपासून विचिटापर्यंतचा जवळजवळ अर्धा मार्ग तिथवर होतो, गाव बऱ्यापैकी मोठे आहे आणि रुग्णालयही आहे. वेळ वाचावा म्हणून मात्र हा रस्ता निवडू नये. विचिटाला जायला यूएस-५० च लवकर पोहोचवतो.

ऑर्डवे ते ईड्स या साठेक मैलांत पेट्रोल मिळेल असे गृहीत धरू नये, म्हणून टाकी ऑर्डवेलाच भरून घ्यावी. ईड्स ते ट्रिब्यून हा टप्पाही जवळपास तेवढाच आहे. फोनला अनेक ठिकाणी रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवावा. ट्रिब्यून आणि लिओटी यांच्यामध्ये घड्याळ एक तास पुढे जाते. कॅन्ससच्या पश्चिम सीमेवरच्या मोजक्या काउंट्या कोलोरॅडोची वेळ पाळतात आणि ट्रिब्यून त्यांत येते, त्यामुळे सीमा ओलांडताना नव्हे तर त्यानंतर वेळ बदलते. वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या वेळा त्यानुसार सांभाळाव्यात.

गावांतील खानावळी दुपारनंतर लवकर बंद होतात आणि शाकाहारी माणसाला तेथे बटाटा, अंडी आणि पाव यांपलीकडे फारसे मिळत नाही. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असली की प्रश्न मिटतो. दक्षिणेचा वारा आडवा लागतो, म्हणून ट्रक समोरून जाताना स्टिअरिंग घट्ट धरावे.

सप्टेंबरअखेर हवा सहसा चांगली असते. हिवाळ्यात मात्र हा रस्ता टाळावा. १९३१ च्या मार्चमध्ये टाउनरजवळ शाळेची बस अचानक आलेल्या हिमवादळात अडकली, मदत आणायला पायी निघालेला चालक आणि पाच मुले गारठून मृत्युमुखी पडली. आडोसा द्यायला मैलोन्‌मैल काही नाही, ही परिस्थिती आजही फारशी बदललेली नाही.

---

काळी_आई

उत्तराताई, एक राहिले. ज्वारीच्या रानात उतरण्यापूर्वी घराजवळ कोणी दिसल्यास विचारून घ्यावे. इथला शेतकरी सहसा नाही म्हणत नाही, आणि पाहुणा स्वतः ज्वारी पिकवणारा आहे असे कळले तर तो कामही थांबवून बोलत उभा राहील. सासऱ्यांसाठी दुभाषी म्हणून आपल्याला थोडी कसरत करावी लागेल, पण हेक्टरी उतारा, पाखरांचा त्रास आणि भाव हे तीन विषय दोन्हीकडे सारखेच आहेत. त्यांनी सोबत मालदांडीचे कणीस आणलेले नसणारच, कारण विमानतळावर बियाणे आणू देत नाहीत. फोनमध्ये आपल्या रानाचे छायाचित्र असेल तर ते दाखवावे.

विचिटाला पोहोचल्यावर सासरे काय म्हणाले ते इथे जरूर लिहा.